विश्लेषण : कसाऱ्याच्या पायथ्याशी आणि मुंबईच्या मॉलमध्ये बिअरची चव एकच कशी?

मुंबईहून नाशिककडे जाणारी गाडी घाट चढण्यापूर्वी आणि नाशिकहून येणारी गाडी घाट उतरल्यावर कसाऱ्याच्या आसपास विसावते, हे अनेक वर्षांचे चित्र आहे. कुणी चहा-वडापाव घेतो, कुणी मिसळ. महामार्गालगतच्या ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ अशा पाटीकडे वळणारेही असतातच. तिथे टेबलावर येणारी थंड बाटली आणि मुंबई-ठाण्याच्या एखाद्या साखळी रेस्टॉरंटमध्ये येणारी बाटली एकाच ब्रँडची असेल, तर चवही तीच असावी अशी कंपनीची हमी असते. मिसळीचा रस्सा दर हॉटेलात बदलतो, पाण्याची चव गावागणिक बदलते. मग बिअरचीच का बदलत नाही? आणि ती खरोखर बदलत नाही का? या प्रश्नांची उत्तरे कारखान्यात सुरू होतात आणि घाटरस्त्यावर येऊन संपतात.

लागर म्हणजे नेमके काय?

भारतात ‘बिअर’ म्हणून जे विकले जाते, ते बहुतांश लागर असते. सातूला मोड आणून ते सुकवले की माल्ट तयार होते. ते भरडून गरम पाण्यात भिजवले की त्यातील पिष्टाची साखर होते. या गोडसर पाण्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून ते उकळले जाते; बिअरचा कडवटपणा आणि वास त्यातूनच येतो. मग ते थंड करून त्यात यीस्ट सोडले जाते आणि साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनते.

लागरचे वैशिष्ट्य या शेवटच्या टप्प्यात आहे. तिचे यीस्ट साधारण ८ ते १४ अंश सेल्सिअस इतक्या थंडीत काम करते आणि काम संपल्यावर तळाशी बसते. त्यानंतर बिअर आणखी थंडीत मुरवली जाते. जर्मन भाषेत साठवण्याला ‘लागर्न’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. ‘एल’ प्रकारच्या बिअर जास्त तापमानात आंबवल्या जातात, त्यामुळे त्यांत फळांसारखे, मसालेदार वास तयार होतात. लागरमध्ये असे वास जवळपास नसतात. ती स्वच्छ, हलकी आणि कोरडी लागते. सगळीकडे सारखी चव हवी असेल तर अशीच बिअर सोयीची, कारण तिच्यात वेगळे उठून दिसेल असे मुळातच कमी असते.

आज जगभर खपणाऱ्या फिकट सोनेरी लागरचा उगम चेक प्रदेशातील पिल्सेन या गावात आहे. बव्हेरियातून आलेल्या जोसेफ ग्रोल या मद्यकाराने १८४२ मध्ये तिथे पहिला घाणा काढला. पिल्सेनचे पाणी अतिशय मृदू, त्यात क्षार नगण्य. त्यामुळे फिकट माल्ट आणि हॉप्स यांची चव त्यात मोकळी झाली. म्हणजे सुरुवातीला ही बिअरही एका गावच्या पाण्याचीच होती.

मग गावची चव गेली कुठे?

ती टप्प्याटप्प्याने काढून टाकण्यात आली. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बिअर नासण्यामागे सूक्ष्मजीव असतात, हे दाखवले. त्याच दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी विकसित केलेली शीतकरण यंत्रे मद्यनिर्मिती कारखान्यांत पोहोचली आणि थंडीसाठी हिवाळ्याची किंवा बर्फाच्या तळघराची वाट पाहण्याची गरज उरली नाही. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी यीस्टची एकच पेशी वेगळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवले. आजूबाजूच्या हवेतील रानटी यीस्टची लुडबुड थांबली आणि प्रत्येक घाण्यात तेच यीस्ट वापरता येऊ लागले.

उरले पाणी. बिअरमध्ये ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. आजचे मोठे कारखाने आलेले पाणी गाळून, त्यातील क्षार काढून घेतात आणि हवे तेवढे क्षार मोजून परत घालतात. त्यामुळे पाणी जायकवाडीचे असो की कोकणातल्या धरणाचे, टाकीत पडेपर्यंत त्याची ओळख पुसलेली असते.

कसाऱ्याच्या संदर्भात हा मुद्दा केवळ चवीचा नाही. कसारा ज्या शहापूर तालुक्यात येते, तो मुंबईची तहान भागवणारा तालुका आहे. तानसा, भातसा, मोडक सागर या जलाशयांचे पाणी याच डोंगराळ पट्ट्यातून महानगराकडे जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. एक लिटर बिअर तयार करायला, टाक्या-बाटल्या धुण्यासह, आधुनिक कारखान्यातही साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागते. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात आधी ५० आणि नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला होता. बाटलीतल्या पाण्याला गाव नसले, तरी ते कुठल्या तरी गावाच्या वाट्यातून आलेले असते.

एकच ब्रँड इतक्या कारखान्यांत का तयार होतो?

मद्य हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या सूचीतील विषय आहे. उत्पादन शुल्क, परवाने, लेबलची मंजुरी, किमतीचे नियम हे सारे प्रत्येक राज्याचे वेगळे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेला की शुल्काचा आणि परवान्यांचा बोजा वाढतो. शिवाय पाण्याने भरलेली काचेची बाटली लांबवर नेणे महागच पडते. त्यामुळे मोठ्या कंपन्या राज्याराज्यांत स्वतःचे किंवा भाडेतत्त्वावरचे कारखाने चालवतात आणि एकच बिअर अनेक ठिकाणी बनवतात. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज आणि नवी मुंबईतील तळोजा ही या उद्योगाची महत्त्वाची ठिकाणे आहेत. बाटलीच्या लेबलवर बारीक अक्षरांत कारखान्याचा पत्ता असतो. तो वाचला तर बिअरचा खरा ‘गाव’ कळतो.

अनेक कारखान्यांतून एकच चव काढण्यासाठी एक युक्ती सर्रास वापरली जाते. बिअर आधी गरजेपेक्षा दाट आणि कडक बनवली जाते आणि बाटलीत भरण्याआधी तिच्यात ऑक्सिजन काढून टाकलेले पाणी घालून अल्कोहोलचे प्रमाण ठरलेल्या आकड्यावर आणले जाते. यात फसवणूक नाही. जगभरातील मोठे कारखाने हेच करतात. माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरली जाते. त्याने खर्च कमी होतो आणि चवही हलकी होते. कारखान्यातील प्रशिक्षित चाखणारे रोज वेगवेगळ्या घाण्यांचे नमुने तपासतात. आजची बिअर चांगली आहे का, यापेक्षा ती कालच्यासारखी आहे का, हा त्यांच्यासमोरचा पहिला प्रश्न असतो.

मग ब्रँडमधला फरक जिभेला कळतो का?

‘आपला’ ब्रँड डोळे मिटून ओळखू, असे अनेकांना वाटते. अमेरिकेत राल्फ अॅलिसन आणि केनेथ उल यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नियमित बिअर पिणाऱ्यांना आधी लेबल काढलेल्या बाटल्या देण्यात आल्या. बहुतेकांना आपली नेहमीची बिअर वेगळी ओळखता आली नाही. त्याच बाटल्या लेबलसह दिल्यावर मात्र गुण वाढले आणि आपल्या ब्रँडला जास्त गुण मिळाले. फरक बिअरमध्ये कमी आणि लेबलमध्ये जास्त होता.

भारतातील बाजारही मोजक्या हातांत आहे. किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजचे नियंत्रण २०२१ पासून हायनेकेनकडे आहे. कार्ल्सबर्ग आणि ट्युबोर्ग एकाच घरचे, तर बडवायझर आणि हेवर्ड्स ५००० हे एबी इनबेव्हचे. म्हणजे मेनूकार्डवर आठ-दहा नावे दिसली तरी मालक तीन-चारच. या तीन समूहांनी किमतींबाबत आपसांत संगनमत केल्याचा ठपका भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये ठेवला. युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी आणि कार्ल्सबर्ग इंडियाला सुमारे १२१ कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. संगनमताची माहिती स्वतःहून देणाऱ्या एबी इनबेव्हला दंडातून पूर्ण सूट मिळाली. प्रकरण पुढे अपिलात आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. चवीतली निवड जितकी दिसते तितकी मोठी नसते, तशीच किमतीतलीही नसावी, असा संशय या आदेशाने बळावला.

ज्यांना स्वतःची जीभ पारखायची आहे, त्यांच्यासाठी ‘त्रिकोणी चाचणी’ ही अन्नउद्योगात रूढ असलेली सोपी पद्धत आहे. सारख्या थंड केलेल्या दोन ब्रँडच्या बिअर घ्यायच्या. दुसऱ्या कुणीतरी तीन सारख्या स्टीलच्या पेल्यांत, दोनांत एक आणि तिसऱ्यात दुसरी, अशा घोटभर ओतायच्या. चाखणाऱ्याने वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तिनांत एकदा उत्तर बरोबर येणारच. बारा वेळा करून किमान आठदा बरोबर आले, तरच फरक खरोखर कळतो असे मानता येते. अर्थात बारा फेऱ्या एका बैठकीत उरकण्याची गरज नाही आणि घोट गिळण्याचीही नाही.

चाखताना काय पाहावे?

पहिली अडचण थंडीची. आपल्याकडे बिअर ‘एकदम चिल्ड’ मागितली जाते. काही ठिकाणी ग्लासही गोठवून देतात. बर्फाजवळच्या तापमानाला वासाचे रेणू उडत नाहीत आणि जीभही बधिर होते. त्या अवस्थेत चांगली आणि बरी बिअर सारखीच लागते. लागर साधारण ४ ते ७ अंशांना द्यावी, असे मानले जाते. बाटली फ्रीजमधून काढून टेबलावर थोडा वेळ राहिली, तर चव उघडते.

दुसरी गोष्ट ग्लासची. फेस लगेच मोडला, तर ग्लासला तेलकटपणा किंवा साबणाचा अंश असू शकतो. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले, तर तो नीट धुतलेला नाही. लागर स्वच्छ, पारदर्शक दिसली पाहिजे.

तिसरे म्हणजे वास. ताज्या लागरला पावाच्या किंवा भिजवलेल्या धान्याच्या जवळ जाणारा हलका वास येतो आणि मागे हॉप्सचा गवताळ, फुलासारखा स्पर्श असतो. काही वास मात्र दोषाच्या खुणा आहेत. उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा किंवा लोण्यासारखा वास येत असेल, तर गडबड बहुधा निर्मितीत झाली आहे. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास जुनेपणाचा. उग्र, गंधकी वास आला तर बाटलीला ऊन लागले आहे, कारण प्रकाशाने हॉप्समधील कडू घटक तुटून हा वास तयार होतो. तपकिरी काच त्यापासून बऱ्यापैकी बचाव करते, हिरवी कमी आणि पांढरी सर्वात कमी.

चौथे, सोबतचा चकणा. मसाला पापड, खारे शेंगदाणे, तिखट चिकन यांच्यासोबत बिअर ‘गोड’ लागते, कारण मीठ कडवटपणा दाबते. तिखटाने भाजलेल्या जिभेला थंड, बुडबुडेदार पाण्याचा गारवा हवा असतो, चव नव्हे. त्यामुळे खरेच चाखायची असेल, तर पहिले दोन घोट काही खाण्याआधीच घ्यावे लागतात.

कारखान्यातून सारखी निघालेली बाटली वेगळी लागते ती कशामुळे?

सारखेपणाची हमी कारखान्याच्या दारापर्यंतच असते, हा या विषयाचा कळीचा मुद्दा आहे. बाटलीतली बिअर पाश्चरीकरण केलेली असली तरी ती हळूहळू जुनी होते. आत राहिलेला अगदी थोडा ऑक्सिजनही हॉप्सचा ताजेपणा खातो आणि पुठ्ठ्यासारखा वास आणतो. तापमान १० अंशांनी वाढले की या क्रियांचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे ताडपत्रीखाली तापलेल्या ट्रकमधले, बारच्या मागच्या पत्र्याच्या शेडमधले किंवा दुकानासमोर उन्हात रचलेल्या खोक्यांमधले काही दिवस हे थंड गोदामातल्या कितीतरी आठवड्यांइतके असतात.

वाळूजहून मुंबईच्या दिशेने येणाऱ्या मालासाठी नाशिक, इगतपुरी, कसारा हा एक जुना मार्ग. एप्रिल-मेच्या उन्हात घाटात अडकलेल्या ट्रकमधली बिअर आणि शहरातील वातानुकूलित गोदामातून थेट साखळी रेस्टॉरंटच्या शीतपेटीत गेलेली बिअर यांचे लेबल एकच असते, प्रवास वेगळा. साखळी रेस्टॉरंटचा फायदा इथे दिसतो. तिथे खप मोठा असतो, त्यामुळे बाटली फार काळ पडून राहत नाही आणि साठवणीचे नियम लेखी असतात. पण महामार्गावरच्या ज्या साध्या बारमध्ये एकाच ब्रँडचा खप जोरात आहे, तिथली बाटली शहरातल्या मंद खपाच्या महागड्या जागेपेक्षा ताजी असू शकते. त्यामुळे जागेच्या झगमगाटापेक्षा झाकण किंवा लेबलवरची उत्पादनाची तारीख जास्त सांगते. महिन्या-दीड महिन्याच्या आतली बाटली मिळाली, तर ती बहुधा कारखान्याला अभिप्रेत असलेल्या चवीची असते.

‘ग्लिसरीन’च्या कथेत तथ्य किती?

भारतीय बिअरमध्ये ग्लिसरीन घातलेले असते आणि त्यामुळे डोके दुखते, ही कथा महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक बारमध्ये ऐकायला मिळते. पुरावा म्हणून बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरली जाते. बाटलीतून एक दाट धार पाण्यात खाली उतरताना दिसते आणि ‘बघा, ग्लिसरीन निघाले’ असे सांगितले जाते.

दिसते ते खरे असते, अर्थ चुकीचा लावलेला असतो. बिअरमध्ये न आंबलेली साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ उरतात, त्यामुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. जड द्रव हलक्या द्रवात उतरताना प्रकाश वाकतो आणि धार दिसते. साखरेच्या पाण्याची बाटली उलटी केली तरी हेच दिसेल. थोडेसे ग्लिसरॉल तर आंबवताना यीस्ट स्वतःच तयार करते. जगातल्या प्रत्येक बिअरमध्ये आणि वाइनमध्ये ते असते. डोकेदुखीमागचे साधे कारण बहुतेक वेळा लेबलवरच छापलेले असते : अल्कोहोलची टक्केवारी.

‘स्ट्राँग’चे गणित काय?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर साधी आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची ‘स्ट्राँग’. भारतात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचा वाटा सुमारे चार-पंचमांश आहे. मोठ्या बाटलीत ६५० मिलीलिटर बिअर असते. ८ टक्क्यांच्या अशा एका बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये ते सुमारे २० ग्रॅम असते. म्हणजे ‘फक्त एक बिअर’ ही प्रत्यक्षात दोन लार्ज पेगइतकी असते. ५ टक्क्यांच्या बाटलीतही सुमारे २६ ग्रॅम असतेच.

लागरच्या सौम्य चवीचा धोका इथे आहे. कडक दारू जिभेला कडक लागते. घोट घेणारा सावध होतो. थंड, हलकी, बुडबुडेदार लागर मात्र तेवढेच अल्कोहोल सहज पोटात नेते.

महामार्गावरच्या साखळी हॉटेलांत बिअर का दिसत नाही?

महाराष्ट्रात मद्यविक्री मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ खाली येते. आता त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे. नावाप्रमाणे हा मूळचा बंदीचाच कायदा असून विक्री आणि सेवन हे परवान्याच्या अपवादाने चालते. म्हणून इथे बारला ‘परमिट रूम’ म्हणतात. हॉटेलला एफएल-३ परवाना लागतो, बिअर शॉपीला वेगळा, आणि कायद्याच्या अक्षरानुसार पिणाऱ्यालाही परवाना हवा. एका दिवसाचा पाच रुपयांचा परवाना त्यातूनच आला. सौम्य बिअरसाठी किमान वय २१, कडक मद्यासाठी २५.

परवाना साखळीला मिळत नाही, जागेला मिळतो. त्यामुळे एखाद्या साखळीच्या शहरातल्या शाखेत बिअर मिळते, म्हणून महामार्गावरच्या शाखेत मिळेलच असे नाही. कुटुंबे आणि चालक हाच मुख्य ग्राहक असलेल्या फूड प्लाझांना त्या भानगडीत पडण्यात रसही नसतो. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधील मद्यावरचा मूल्यवर्धित कर ५ वरून १० टक्के झाला. दुकानातली आणि टेबलावरची किंमत यांतले अंतर त्यामुळेही वाढले.

त्यात महामार्गांचा वेगळा नियम आला. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी घातली. कारण एकच होते, मद्यपान करून वाहन चालवल्याने होणारे अपघात. ३१ मार्च २०१७ च्या आदेशाने २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर झाले आणि बंदी हॉटेलांतील बारनाही लागू असल्याचे स्पष्ट झाले. दुसऱ्या दिवसापासून राज्यातील हजारो बार-दुकानांना टाळे लागले. काहींनी अंतर वाढवण्यासाठी प्रवेशद्वाराला वळसे दिले, तर अनेक शहरांतून जाणारे रस्ते ‘महामार्ग’ राहू नयेत, यासाठी हालचाली सुरू झाल्या. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने नागरी हद्दीतील परवान्यांना हा निर्बंध नसल्याचे स्पष्ट केले. ग्रामपंचायत हद्दीतल्या गावांचा प्रश्न मात्र फेब्रुवारी २०१८ पर्यंत लटकला. मग कोणते गाव शहरासारखे मानायचे, हे ठरवण्याची मुभा राज्यांना मिळाली. म्हणजे महामार्गावर एखाद्या ठिकाणी बिअर मिळते की नाही, हे चवीने किंवा मागणीने नव्हे, तर मीटरच्या फितीने आणि गावाच्या दर्जाने ठरते.

घाटात एका बाटलीचा अर्थ काय?

कसाऱ्याला मध्य रेल्वेची उपनगरी सेवा संपते, कारण पुढे थळ घाट आहे. ३७ फुटांमागे एक फूट असा तो रेल्वेचा चढ. १८६५ मध्ये ही वाट इगतपुरीपर्यंत खुली झाली आणि आजही बहुतेक गाड्यांना वर नेण्यासाठी कसाऱ्याला जादा इंजिने जोडावी लागतात. शेजारचा रस्ताही तसाच, वळणांचा आणि उताराचा, पावसाळ्यात धुक्याचा. रेल्वे इथे जादा इंजिन लावते. रस्त्यावरच्या चालकाकडे फक्त स्वतःचे भान असते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले, तर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुन्हा तोच गुन्हा घडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. ढोबळ हिशेबाने ७० किलो वजनाच्या पुरुषाने स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली लवकर संपवली, तर हे प्रमाण ८० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. साध्या बिअरची मोठी बाटलीही त्याला ५० च्या पुढे नेऊ शकते. वजन कमी असेल किंवा पोट रिकामे असेल, तर आकडा आणखी वर जातो. बहुतेक स्त्रियांमध्येही तो जास्त असतो. शरीर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅमच उतरवते. जेवण, कॉफी किंवा गार पाण्याचा हबका याने हा वेग वाढत नाही. म्हणजे स्ट्राँगच्या एका बाटलीनंतर कायदेशीर मर्यादेखाली यायला तीन-चार तास, कधी अधिक लागतात. कसारा ते इगतपुरी हे अंतर मात्र काही मिनिटांचे. आणि ३० चा आकडा हा शिक्षेचा उंबरठा आहे, सुरक्षिततेचा नाही. प्रतिक्रिया मंदावण्याची सुरुवात त्याच्या आधीच होते.

५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला. सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टाळता येतो. रस्ता सरळ झाला, वेग वाढला. वाढलेल्या वेगात मंदावलेल्या प्रतिक्रियेची किंमतही वाढते.

मग तात्पर्य काय?

मोठ्या कारखान्याची लागर ही नीरस वस्तू म्हणून हिणवली जाते, पण लाखो बाटल्यांत एकच चव राखणे हे दीडशे वर्षांच्या विज्ञानाचे फळ आहे. त्या चवीतून गाव, पाणी, ऋतू हे सारे मुद्दाम वगळलेले असते. म्हणूनच ती चाखताना कारखान्याची करामत फारशी कळत नाही. कळते ते त्यानंतरचे : बाटली किती जुनी, किती तापलेली, ग्लास किती स्वच्छ, ग्राहकाच्या डोळ्यांवर लेबलचा पगडा किती. चवीचा न्याय करायचा तर उत्पादनाची तारीख पाहावी, बर्फाची थंडी थोडी उतरू द्यावी आणि पहिला घोट चकण्याआधी घ्यावा. आणि पुढे घाट असेल, तर गाडी चालवणाऱ्याने त्या टेबलावर चहाच मागवावा. एप्रिल २०१९ पासून देशातल्या प्रत्येक मद्याच्या लेबलवर आरोग्याच्या इशाऱ्यासोबत पिऊन वाहन न चालवण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. इतक्या काळजीने वगळलेल्या चवीच्या त्या बाटलीवर, कसाऱ्यासाठी खास लिहिल्यासारखी वाटावी अशी तेवढी एकच ओळ असते.